दाराच्या कोपऱ्यातली ज्वारी

चितेगावच्या ज्या कारखान्यात मी शिलाई विभाग सांभाळते, तिथे आधी आम्ही मांडवाची कापडं आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचो. त्यात डोकं लावायसारखं काही नसतं. कापड सरळ, शिलाई सरळ, वाकडा काय तो माझा स्वभाव, असं आमचे मालक म्हणतात. मग एकदा तंबूंची ऑर्डर आली. परदेशातल्या एका मोठ्या मदतसंस्थेची होती. आफ्रिकेत सुदानच्या पश्चिम भागात, तुम्ही अमक्या जमातीचे म्हणून गावंच्या गावं जाळली जात होती. जीव घेऊन पळालेली माणसं सरहद्दीपलीकडे उघड्यावर बसली होती, त्यांच्यासाठी हे तंबू.

खरं सांगते, पहिल्यांदा मला त्याचं काडीचंही कौतुक वाटलं नाही. मोठ्या देशांचं हे नेहमीचंच आहे. माणसं मारली जातात तोवर हातावर हात धरून बसायचं आणि सगळं संपल्यावर तंबू पाठवायचे. वरातीमागून घोडं, असं मी घरी नवऱ्याला सुनावलं. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त आहे आणि माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर देणं हेच त्याचं काम आहे. तो म्हणाला, "घोडं तरी येतंय. तू काय धाडलं?"

मी काहीच धाडलं नव्हतं.

नमुन्याचा तंबू आला तेव्हा मालकांनी तो कारखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली उभा करून घेतला. मी टेप घेऊन आत शिरले. मधोमध ताठ उभी राहिले तरी डोक्याला कापड लागेना. बाईला घरात वाकून वावरावं लागू नये म्हणून तेवढी उंची ठेवली होती. दारं दोन, समोरासमोर. एकीकडून काही वाईट आलं तर दुसरीकडून निघता यावं म्हणून. खिडकीला डासांची जाळी. खाली जमिनीलगत कापडाची रुंद पट्टी, तिच्यावर माती लोटली की विंचू-वारा आत येत नाही. आत एक पडदा होता, तो ओढला की अर्धी जागा झाकली जायची. हा कशाला, म्हणून मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, बायकांना कपडे बदलायला. आणि रंग असा पांढुरका का? खाकी किंवा हिरवा असला तर लांबून कुणाला तो सैन्याचा वाटेल आणि आतल्या लेकराबाळांवर गोळी सुटेल, म्हणून.

कुठल्यातरी लांबच्या देशात, टेबलाशी बसून कुणीतरी विचार केला होता की ती बाई कपडे कुठे बदलेल. त्या बाईला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं, पाहणारही नव्हता. मला सख्ख्या नणंदेसाठीसुद्धा एवढं कधी सुचलं नाही. मी त्या पडद्याचा काठ हातात धरून बराच वेळ आत उभी राहिले. शेवटी मालक बाहेरून म्हणाले, "ताई, राहायला जाताय का तिथं?"

सुदान हे नाव मला नवीन नव्हतं. आमचं घर हर्सूलला आहे आणि वरची खोली आम्ही विद्यापीठातल्या पोरांना भाड्यानं देतो. त्या वर्षी वर सुदानचा एक संशोधक राहत होता. उंच, सावळा, तिशीतला, औषधशास्त्राचा अभ्यास करणारा. मला तो 'खाला' म्हणायचा. त्यांच्याकडेही मावशीला खालाच म्हणतात म्हणे. गल्लीतल्या बायांना याची मोठी गंमत वाटायची. कपाळाला एवढं मोठं कुंकू आणि खाला!

तो राहायला आला त्या आठवड्यात मी त्याला जेवायला बोलावलं. ताटात ज्वारीची भाकरी वाढली. त्यानं ती हातात घेतली, वास घेतला, आणि माझ्याकडे बघून हसता हसता त्याचे डोळे भरले. त्यांच्याकडेही ज्वारीच खातात, हे मला तेव्हा कळलं. त्याची आई ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर कागदासारखी पातळ किसरा करते. मी आपली समजत होते की ज्वारी म्हणजे आमचीच, मराठवाड्याबाहेर तिला कोण विचारतंय.

पुढे त्याच्या गावावर हल्ला झाला. हत्यारबंद माणसं घराघरांत शिरून तुम्ही कुठल्या जमातीचे म्हणून विचारत होती, आणि उत्तरावर जगणं-मरणं ठरत होतं. त्याची आई, बहीण आणि धाकटा भाऊ पायी पश्चिमेकडे निघाल्याचं त्याला कुणीतरी कळवलं, त्यानंतर फोन बंद. आई पोचली की वाटेत राहिली, काही कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळी तो गच्चीवर जाऊन फोन उंच धरून उभा राहायचा. आमच्या गच्चीवर रेंज उत्तम आहे. तरी तो असा उभा राहायचा, जणू अडचण आमच्याच बाजूला आहे. मी धुणं वाळत घालायला जायचे आणि त्याच्याकडे न बघता परत यायचे.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बायांनी एकदा मला विचारलं, हे तंबू नेमके जाणार कुठं? मी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या भाडेकरूची आई आता कुठल्यातरी झाडाला लुगडं बांधून त्याखाली बसली असेल, असली तर. हे तंबू तिकडेच चाललेत. तिथल्या कोरड्या नद्यांना पावसाळ्यात पूर येतो आणि ट्रकच जाऊ शकत नाहीत, म्हणून पावसाच्या आत पोचले तर पोचले.

माझ्या विभागात दोघी जणी दाराजवळच्या मशीनवर शेजारी शेजारी बसतात. एक शहरातली आपा. वयानं सगळ्यांत मोठी. दाराचे कोपरे शिवावेत तर तिनंच. दुसरी पाचोडकडची मावशी, ती आतल्या अस्तराचे काठ दुमडते. दोघींचं पंख्यावरून दिवसभर भांडण चालतं. त्या दिवशी आपा म्हणाली, "मैं छोटी थी तब हमारे मोहल्ले में दंगा हुआ था. हम पीछे की गली में एक पाटील के घर में घुसे. उस घरवालीनं पैले काय केलं मालूम? नमक-भाकर सामने रखी. बोली, आधी खा, मग रडा."

आमच्या शहराला दंगल म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. डबे बंद झाले आणि बाया मशीनवर गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून कामात फरक पडला. कोपरे असे बसायला लागले की मला उसवायला काही सापडेना. कुणी पंख्यावरून भांडेना. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होते की बघा, सुपरवायझर असावी तर अशी. नवी ज्वारी घरोघर यायचे दिवस होते. बाया डब्यासोबत पदराला काहीतरी बांधून आणायच्या, तेही मी पाहिलं होतं. मला वाटलं हुरडा असेल आणि मला कुणी विचारत नाही, म्हणून मी थोडी रागावलेही होते.

माल तयार झाला, घड्या पडल्या, गठ्ठे बांधले गेले. कंटेनर यायच्या आधी तपासनीस आला. संस्थेनं नेमलेला, परगावचा, सडपातळ, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं आपल्या मनानं काही गठ्ठे निवडून उघडायला लावले. कापड ओढून पाहिलं, पाणी ओतून पाहिलं, शिलाईचे टाके मोजले. मी त्याच्यामागे हात बांधून फिरत होते आणि आतून फुलत होते. मग तो दाराशी वाकला. आतल्या अस्तराच्या काठावरून अंगठा फिरवत फिरवत खालच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि अंगठा थांबला. त्यानं खिशातून छोटं पातं काढलं, चार टाके उसवले आणि दोन बोटांनी आतून एक पुरचुंडी बाहेर काढली. नखाएवढी, लाल कापडाची, दोऱ्यानं बांधलेली.

सोडली तर आत चिमूटभर ज्वारी आणि मिठाचा एक खडा.

दुसरा तंबू उघडला. तिथेही. तिसऱ्यात पुरचुंडी हिरव्या कापडाची होती. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते माझ्याकडे बघायला लागले. तपासनिसानं विचारलं, "ये क्या है?"

"ज्वारी," मी म्हणाले. त्याला ते दिसतच होतं, पण मला दुसरं काही सुचेना.

एकेक करून मशिनी बंद होत गेल्या. पाचोडची मावशी उठून उभी राहिली आणि पदर खोचत म्हणाली, "म्या घातली. साहेब, नवं घर हाय ते. नव्या घरात दाण्याबिगर पाय टाकीत नायत. त्या बाईकडं काय हाय घेऊन जायला? मग घरासंगंच धाडली."

"नमक मेरा है," आपा बसल्या जागेवरून म्हणाली. "अकेली इसका नाव नको लिखना."

मग हळूहळू सगळी रांग उभी राहिली. आधी दाणे का आधी मीठ, यावरून या दोघींचं भांडण झालं होतं. आपाच्या घरी नव्या घरात आधी मीठ नेतात, मावशीच्या घरी धान्य. ते भांडण मिटवायला दोन्ही एकत्र बांधायचं ठरलं आणि बाकीच्या बाया त्यात सामील झाल्या. सगळ्या हॉलला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एका सुपरवायझरला. दिव्याखाली अंधार तो हाच.

मला वाटलं आता हा माणूस ओरडेल. तो ओरडला नाही. त्यानं एक स्टूल ओढलं, बसला आणि शांतपणे सांगायला लागला. हे तंबू गोदामात महिनोन्महिने पडून राहतात. दाण्याच्या वासावर उंदीर येतो. तो पुरचुंडी खाऊन थांबत नाही, गठ्ठेच्या गठ्ठे कुरतडतो. दाण्याला कीड लागलेली असली तर पलीकडचं बंदर अख्खा कंटेनर अडवून ठेवतं. मिठाला समुद्रावर पाणी सुटतं, शिवण कुजते. मग तो मावशीकडे बघून म्हणाला, "माँजी, ज्या बाईसाठी तुम्ही हे घातलंत, पावसात तिच्याच डोक्यावर पाणी गळेल."

मावशी कात्री घेऊन उघड्या तंबूशी गेली आणि दुसरा कोपरा उसवायला बसली.

त्याच्या हातात दोन गोष्टी होत्या. अख्खा माल नापास करणं, किंवा कंटेनरच्या तारखेआधी आम्ही प्रत्येक तंबू उघडून साफ करून दाखवणं. त्यानं दुसरी निवडली. पण बजावून गेला की परत आल्यावर एक जरी दाणा सापडला तर माझाही नाइलाज आहे. जहाज आमच्यासाठी थांबणार नव्हतं, आणि तिकडचा पाऊस तर नाहीच नाही.

शिवण्यापेक्षा उसवणं अवघड असतं, हे शिवणारीलाच कळतं. बांधलेले गठ्ठे सगळे पुन्हा सुटले. लिंबाखालचं आवार पांढऱ्या कापडानं भरून गेलं. कुठल्या तंबूत आहे आणि कुठल्यात नाही हे कुणालाच आठवेना, म्हणून प्रत्येकाचे चारही कोपरे बघायचे. सुट्टीच्या दिवशी मी कुणाला बोलावलं नव्हतं. कंपनीची बस नसताना सगळ्या आल्या. कुणी रिक्षा करून, कुणी दुधाच्या गाडीत, कुणी नवऱ्याच्या मागे मोटारसायकलवर. आल्या आणि मांडी घालून उसवायला बसल्या. पहिल्या दिवशी बऱ्याच जणी रडत होत्या. एक पोरगी मला म्हणाली, "ताई, पाव्हण्याच्या ताटातला घास काढून घेतल्यावानी वाटतंय." मी तिला म्हणाले, रड पण कात्री सरळ धर.

मध्ये मोठी परात ठेवली होती. पुरचुंड्या तिच्यात पडत होत्या. आणि मी परातीकडे बघत राहिले. दोन पुरचुंड्या एकसारख्या नव्हत्या. एक इरकलीच्या काठाची, एक ओढणीच्या टोकाची, एक कुणाच्या लेकराच्या फ्रॉकची, तिच्यावर अर्धं फुलपाखरू. एकीत ज्वारीसोबत गुळाचा खडा होता, त्याला मुंग्या लागलेल्या. ती बघून आपानं मावशीला कोपरानं ढोसलं की बघ, साहेब खोटं नव्हता बोलत. एकीत तांदूळ होते. एकीत नुसतं मीठ होतं, कारण त्या आठवड्यात त्या बाईच्या घरात ज्वारीच नव्हती. तिनं ते मला स्वतः सांगितलं, मान खाली घालून.

ज्या बायांना आफ्रिका नकाशात दाखवता येत नाही, त्यांनी आपापल्या डब्यातून मूठ काढून कधीही न पाहिलेल्या बाईच्या दारात ठेवली होती. आणि तो पडदा आखणारा तरी काय वेगळं करत होता? त्याला उंदराचं माहीत होतं, यांना नव्हतं, एवढाच फरक. त्या परातीपुढे मला देवळात गेल्यासारखं वाटलं. मी चपला काढून बसले होते, हे उठताना ध्यानात आलं.

तपासनीस परत आला. त्याचा अंगठा कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरत होता आणि आमचा श्वास त्याच्या अंगठ्यामागे. एकही दाणा निघाला नाही. त्यानं सही केली. जाताना परातीशी थांबला, फुलपाखराची पुरचुंडी उचलली आणि विचारलं, ही नेऊ का? बायकोला दाखवतो, नाहीतर तिला पटणार नाही. मावशी म्हणाली, "न्या की. पर उंदरापासनं जपा." तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

उरलेलं धान्य फेकायला कुणी धजेना. पाखडलं, गूळ-तांदूळ वेगळे केले, खडेमीठ वेचायचा कंटाळा आला म्हणून तसंच राहू दिलं आणि दळून सगळ्यांनी थोडं थोडं वाटून घेतलं. माझ्या वाट्याच्या पिठाच्या मी घरी भाकरी केल्या. वरच्या भाडेकरूला हाक मारली, वाढलं, आणि मग सगळी हकीकत सांगितली. ही तुझ्या आईच्या नावानं निघाली होती, म्हटलं. तो भाकरी हातात धरून बसून राहिला. नवरा उगीचच पाणी आणायला उठला. मग त्या पोरानं एक तुकडा मोडला, खाल्ला, आणि म्हणाला, "माँ खाती तो बोलती, नमक ज़्यादा है." आणि आणखी एक भाकरी मागितली.

कंटेनर गेले. वरच्या पोरानं मला फोनवर नकाशा उघडून त्यांची वाट दाखवली. चितेगावहून मुंबईचं बंदर, मग समुद्र, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून पश्चिमेकडचं एक बंदर, आणि तिथून ट्रकनं आडवा देश ओलांडून पुन्हा पूर्वेकडे. नवरा एसटीवाला, तो त्या रस्त्यावर बोट फिरवून म्हणाला, "हितं घाट दिसतोय. डायव्हर लई भारी पायजे." वाटेतल्या कुठल्या कुठल्या ड्रायव्हरांच्या काळजीनं तो चार दिवस अस्वस्थ होता. मला एकदम सुचलं की एका तंबूसाठी किती हात लागतात आणि त्यातले कुणीच एकमेकांना ओळखत नाहीत. जगाला मारामाऱ्या थांबवता येत नाहीत, याचा माझा राग गेलेला नाही. पण हेही तेच जग करतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

उन्हाळ्यात, ऐन सकाळी, मी कैऱ्या चिरत होते. जिन्यावरून धडधड पावलं वाजली. तो अनवाणी खाली आला, फोन दोन्ही हातांत धरलेला, आणि शेवटच्या पायरीवर बसला. पडद्यावर एक बाई होती. डोक्यावरून गुंडाळलेलं फिकं वस्त्र, गालफडं बसलेली, डोळे तंतोतंत याचेच. आई.

छावण्यांमध्ये हरवलेल्या माणसांना घरच्यांशी जोडून देणारी माणसं असतात, हे त्यानं मला नंतर सांगितलं. त्यानं कितीतरी महिन्यांपूर्वी त्यांना आईचं नाव कळवलं होतं. ती माणसं तंबूतंबूतून फिरतात आणि विचारतात, तुम्ही कुणाला शोधताय? एवढंच काम. विचारत विचारत एक जण तिच्यापर्यंत पोचला आणि त्यानं स्वतःचा फोन तिच्या हातात दिला. माझ्या अंगावर काटा आला, आताही येतो.

मायलेकरं बोलत होती, रडत होती. बहीण मागे उभी दिसत होती. धाकटा भाऊ दिसत नव्हता. तो वाटेत चुकला होता, तो अजून सापडलेला नाही. पाण्यासाठी रांग, औषध कमी, सगळं हा मला मध्ये मध्ये सांगत होता. आणि माझे डोळे, काय सांगू, तिच्या पाठीमागच्या तंबूवर. खोड जात नाही. दाराचा कोपरा दिसला. शिलाई एकेरी होती, आमची दुहेरी असते. खिडकीचा आकारही वेगळा.

तो तंबू आमचा नव्हता.

क्षणभर मला चक्क वाईट वाटलं, जणू माझं कुणी काढून घेतलं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. म्हणजे आणखी कुठंतरी, कुठल्यातरी देशात, दुसरा एक हॉल आहे. तिथेही बाया रांगेनं बसल्यात, पंख्यावरून भांडतायत, आणि त्यांनी या माउलीच्या डोक्यावर छप्पर शिवलंय. आणि आमचा तंबू दुसऱ्या कुणाच्या आईवर आहे. मला त्या न पाहिलेल्या बायांचे हात हातात घ्यावेसे वाटले. कोपरा चांगला बसवला होता, एकेरी असला तरी.

मग माझ्या तोंडून आपसूक निघालं, "जेवल्या का म्हणून विचार."

त्यानं विचारलं. आई हसली. वाकून मागून एक भांडं घेतलं आणि फोनसमोर त्यातले दाणे ओंजळीनं वर उचलून सोडले. तांबूस, आपल्या शाळूपेक्षा बारीक. ज्वारी. मदतीच्या गोणीतून आलेली, महिन्याची वाटणी. पुरत नाही, ती म्हणाली, पण आहे.

मी विळीवरून उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सांगितलं तेव्हा मशिनी आपोआप थांबल्या. मावशी बराच वेळ दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी आपण चिमूट काढली आन् कुणीतरी पोतं घातलं. व्हय ना?"

"हो," मी म्हणाले.

"और नमक?" आपानं विचारलं.

मीठ विचारायचं मला सुचलंच नव्हतं. संध्याकाळी घरी गेल्यावर मी त्याला आधी तेच सांगितलं, आईचा फोन आला की मिठाचं विचार. त्याला हसू आलं, पण त्यानं विचारलं. उत्तर आलं ते मी सकाळी आपाला सांगितलं. वाटणीतलं मीठ मध्येच संपलं होतं. शेजारच्या तंबूत एक बाई आहे, दुसऱ्या गावची, दुसऱ्या जमातीची. तिच्याकडून त्याच्या आईनं वाटीभर मागून आणलं.

आपानं चष्मा काढून ओढणीनं पुसला.

"पडोसन से नमक मांगी?" ती म्हणाली. "फिर तो घर हो गया उसका." आणि तिनं मशीनचं पेडल दाबलं.